डोळ्यांत घातलं, काळजात उतरलं

मी बोटभर उंचीची, पांढऱ्या अंगाची आणि पिवळ्या टोपणाची एक बाटली बोलतेय. माझ्या पोटात काचबिंदूचं औषध आहे. दिसायला निव्वळ पाणी. मला बघून कुणी घाबरत नाही, आणि भीतीची गोष्ट तीच आहे.

माझा जन्म झाला तिथे माणसं नखशिखान्त झाकलेली असत. आमच्यात एखादा जंतू शिरेल म्हणून केवढा तो आटापिटा! तेव्हा मला वाटायचं, आपण फार नाजूक आहोत, जगानं आपल्याला जपायला हवं. जगानं आपल्यापासूनही स्वतःला जपायला हवं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

औषधाच्या दुकानातून मला घरी नेलं ते ड्रायव्हरसाहेबांनी. उभा जन्म बस चालवली, म्हणून गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणतात. एकदा बाजूनं आलेला सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. नशीब बलवत्तर म्हणून तो वाचला. त्याच आठवड्यात ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "काचबिंदू आहे. कडेची नजर गेलीय, ती परत येणार नाही. राहिलीय ती सांभाळायची. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, जन्मभर. चुकवायचा नाही."

ते दवाखान्यातून खाली उतरले आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहिले. रस्ता ओलांडायचं धाडस होईना. आंधळं होण्याची धास्ती त्या दिवशी त्यांच्या मनात शिरली ती शिरलीच.

थेंब घालायचं काम बायकोनं घेतलं. ती घरी पडदे शिवते. सुईत दोरा ओवणारा हात तो, कशाला थरथरतोय! खिडकीपाशी खुर्चीत त्यांना बसवायची, हनुवटी वर करायची आणि मला उलटी धरायची.

"अगं, औषध घालतेयस की नेम धरतेयस?"

"नेमच धरतेय. हलाल तर नाकात जाईल."

दोघंही हसायची. मला मात्र हसू यायचं नाही. कारण नेम कितीही अचूक असला तरी मी नाकात जातेच. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक बारीकसं भोक असतं. रडल्यावर माणसाचं नाक वाहतं ते त्याच वाटेनं. थेंब घातल्यावर डोळा मिटून तो कोपरा बोटानं दाबून धरला, तर माझी वाट बरीचशी अडते. नाहीतर मी नाकात उतरते, तिथून थेट रक्तात, आणि रक्तातून काळजात.

काळजात माझं काय काम? माणसाच्या अंगात अशा नसा असतात ज्या त्याला विचारून काही करत नाहीत. ड्रायव्हरसाहेबांच्या भाषेत सांगायचं तर एक नस अॅक्सिलरेटर, दुसरी ब्रेक. एक हृदयाला म्हणते, पळ. दुसरी म्हणते, सावकाश. माझं औषध ‘पळ’ म्हणणाऱ्या नसेचा निरोप दारातच अडवतं. डोळ्यात तो निरोप अडला की आतलं पाणी कमी तयार होतं, दाब उतरतो, नजर वाचते. पण हृदयाच्या दारातही मी तेच करते. मला दोन दारांतला फरक कळत नाही. निरोप दिसला की अडवायचा, एवढंच मला येतं.

धडधाकट माणसाला माझ्या एका थेंबाचा पत्ताही लागत नाही. ड्रायव्हरसाहेबांचंही तोवर बरं चाललं होतं.

मग त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. रक्तदाबही वाढलेला निघाला. हृदयाच्या डॉक्टरांकडे गेली दोघं, तेव्हा मी बायकोच्या पर्समध्येच होते. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. हृदय सावकाश करणारी, रक्तदाब उतरवणारी. आतून ऐकताना मला कळलं, ही तर माझ्याच कुळातली. सख्खी बहीणच म्हणा.

डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

"छे हो," ड्रायव्हरसाहेब अभिमानानं म्हणाले, "ही जन्मातली पहिली गोळी."

बायकोनंही मान डोलावली. मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, चेन लावलेल्या अंधारात. ओरडायला मला तोंड आहे, पण त्यातून फक्त थेंब पडतात.

धडधड थांबली. सगळे खूश झाले. आता एकाच दारावर आम्ही दोघी उभ्या होतो, मी आणि ती गोळी.

काही दिवसांनी ड्रायव्हरसाहेब जिन्याच्या मधल्या पायरीवर टेकायला लागले. हात गार पडू लागले. खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बायको म्हणायची, "हात बघा, बर्फ झालेत." ते म्हणायचे, "वय झालं आता. जुनं इंजिन, गरम व्हायला वेळ लागणारच."

पण डोळ्यांपुढची अंधारी त्यांना वेगळंच सांगत होती. त्यांना वाटलं, उरलेली नजरही चालली. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. ती पडदे पोचवायला बाहेर पडली की ते मला कपाटातून काढायचे आणि स्वतःच डोळ्यांत पिळायचे. एक थेंब गालावर, दोन आत. जास्त घातलं तर जास्त वाचेल, असा साधा हिशेब. घाबरलेल्या माणसाला दुसरा हिशेब सुचत नाही. दर वेळी मी त्या वाटेनं खाली जायचे आणि दर वेळी आतले ठोके आणखी लांब लांब पडलेले असायचे. दोन ठोक्यांच्या मधे एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

एका सकाळी बूट घालायला ते वाकले आणि उठताना तसेच कोसळले. शिवून ठेवलेल्या पडद्यांच्या गठ्ठ्यावर डोकं आपटलं म्हणून फुटलं नाही. बायकोनं त्यांना उताणं केलं, हाका मारल्या. ओठ निळसर झाले होते.

पुढचं मला नंतर कळलं, कारण त्या धांदलीत मी कपाटातच राहिले. नाडी जेमतेम लागत होती. इस्पितळात हृदयाच्या डॉक्टरांनी आपली गोळी ताबडतोब बंद केली, सुया टोचल्या, छातीत यंत्र बसवायची वेळ येईल म्हणाले. पण दोन दिवसांत ठोके हळूहळू सावरले. ड्रायव्हरसाहेब उठून बसले, नर्सशी थट्टा करू लागले. उद्या घरी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले.

आणि बायकोला आठवण झाली माझी.

दुपारच्या भेटीच्या वेळी ती मला पदराआड घेऊन आली. "अहो, थेंब राहिलेच की! बाईंनी चुकवू नका म्हणून बजावलंय." ड्रायव्हरसाहेबांनी लगेच मान वर केली. "दोन-दोन घाल. राहिलेले भरून निघतील."

तिनं घातले.

ती सफरचंद कापत बसली. पलंगाशेजारच्या यंत्राच्या पडद्यावर ठोक्यांची हिरवी रेघ उड्या मारत चालली होती. उड्या विरळ होत गेल्या. थोड्या वेळानं ड्रायव्हरसाहेब बोलता बोलता वाक्याच्या मधेच थांबले. यंत्र किंचाळायला लागलं. नर्स धावली, डॉक्टर धावले, बायकोला बाजूला सारलं. मी तिच्या मुठीत होते. मूठ घामानं ओली झाली होती.

बरंच काही टोचून झाल्यावर रेघ पुन्हा उठली. डॉक्टर घाम पुसत वळले. "यांना आत्ता काय दिलंत?"

"काही नाही. शप्पथ. सफरचंदसुद्धा अजून दिलं नाही."

"हातात काय आहे?"

तिनं मूठ उघडली. "हे? हे तर डोळ्यांचं."

डॉक्टरांनी माझ्यावरचं नाव वाचलं आणि ते स्टुलावर बसलेच. "मी विचारलं होतं तुम्हाला, दुसरं औषध चालू आहे का म्हणून."

"औषध म्हणजे पोटात घ्यायचं ना, डॉक्टर?" तिला रडू फुटलं. "म्हणजे मीच त्यांना..."

"नाही, ताई. डोळ्यांचं काही आहे का, हे मीच विचारायला हवं होतं."

ड्रायव्हरसाहेब वाचले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना दुसऱ्या जातीचे थेंब दिले, जे काळजाच्या वाटेला जात नाहीत. मला फेकून द्यायला सांगितलं. बायकोनं घरी आल्या आल्या मला केराच्या डब्यात टाकलं आणि हात साबणानं धुतले.

पण आंधळं होण्याची धास्ती अजून घरातच होती. बायको आत गेली तसं ड्रायव्हरसाहेबांनी मला डब्यातून काढलं, पुसलं आणि ड्रॉवरमध्ये मागे सारलं. डोळ्यांचं औषध कुणी फेकतं का? असू दे अडीअडचणीला.

आज त्यांची धाकटी बहीण आली होती. तिच्याकडे घराला रंग लावणं चाललंय. धुळीनं डोळे लालभडक झालेले, सारखी चोळत होती. बायको पडदे द्यायला गेलेली.

"दादा, काही थेंब आहेत का रे?"

ते थोडे घुटमळले. मग ड्रॉवर उघडला. "आहेत. पण हे हृदय सावकाश करतात, बरं का. तुझं हृदय ठीक आहे ना?"

"हृदयाला काय धाड भरलीय! माझं रडगाणं दम्याचं. वहिनीला विचारू का?"

"तिला कशाला? उगाच बोलेल मला. दमा वेगळा, हृदय वेगळं."

वेगळं नाही हो, ड्रायव्हरसाहेब! श्वासाच्या नळ्या उघड्या ठेवणारा निरोप त्याच नसांतून येतो. तोही मी अडवते. नळ्या आवळत जातात आणि तोंडात मारलेला पंपही बाहेरच ताटकळतो, कारण त्याच्या दारावर मीच बसलेली असते.

तिनं मला पर्समध्ये टाकलं. आता आम्ही तिच्या घरी आहोत. घरात दुसरं कुणी नाही. तिनं आरशासमोर बसून पर्स टेबलावर पालथी केली. किल्ल्या, रुमाल, दम्याचा पंप आणि मी.

तुम्ही ऐकताय म्हणून सांगते. डॉक्टरांनी विचारलं की पोटातलं सांगा, डोळ्यातलं सांगा, नाकातलं सांगा, अंगाला चोळता तेही सांगा. एकासाठी दिलेलं औषध दुसऱ्याच्या हातावर ठेवू नका. आणि तिच्या ओळखीचं कुणी असाल, तर आत्ता तिला फोन करा. काहीही बोला, पण तिला आरशासमोरून उठवा.

ती एका हातानं डोळा चोळतेय. दुसऱ्या हातानं माझं टोपण फिरवतेय.