सुभेदारांचा शिधा

लालासाहेब सुभेदारांनी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. बर्फात पायाची बोटं काळी पडली तरी हूं की चूं केलं नाही. अशा माणसाला शेवटी आडवं केलं ते भरल्या वांग्यानं. जेवून हात धुतला की अंगावर गांधी उठायच्या, ताटलीएवढ्या, आणि चारचौघांत खाजवता येऊ नये अशा ठिकाणी. दोन वर्षं गेरू झाला, आमसूल झालं, कडुलिंबाचा पाला झाला. मग शालूबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला सांगलीच्या डॉक्टरीणबाईपुढं नेऊन बसवलं.

"अन्न ठेवलं, आंबवलं, मुरवलं की त्यात हिस्टामिन वाढतं. तुमच्या अंगाला ते सोसत नाही," बाई म्हणाल्या. दही, लोणचं, सुकट, शिळं कालवण, टोमॅटो, वांगं, लिंबू, शेंगदाणे, सगळं बंद. तीन महिने बहुतेक कच्चं आणि ताजं खायचं. काकडी, गाजर, कोबी, सफरचंद, ओलं खोबरं. चिरलं की लगेच पोटात. चुकून गांधी उठल्याच तर घ्यायला खिशात एक गोळी.

"म्हंजे बैलाचा खुराक की वो!" सुभेदार म्हणाले. पण हुकूम तो हुकूम. महिन्याभरात गांधी अशा गेल्या की अंगावर खूण म्हणून राहिली नाही.

आता हे गावाला सांगायचं कसं? सुभेदार वांग्याला भ्याला म्हटल्यावर पारावर वर्षभर तोच विषय. म्हणून कुणी विचारलं की ते तोंड गंभीर करून एवढंच म्हणायचे, "नियम हाय माझा." लोकांना वाटलं, कुण्या महाराजांचा अनुग्रह घेतला. दोघातिघांनी तर हात जोडले. सुभेदारांना ते आवडलं, खोटं कशाला बोला!

असं सगळं छान चाललेलं असताना रमजान ईद आली.

उंब्रजला बशीरचं पंपसेटचं दुकान, आणि मागंच घर. बशीर आणि लालासाहेब पहिलीपासूनचे दोस्त. ईदेला या घरातलं पहिलं ताट लालासाहेबांचं, हा शिरस्ता. सुट्टी मिळाली नाही त्या वर्षी बशीरची बायको रहिमतबी त्यांच्या नावानं ताट वाढून बाजूला ठेवायची. यंदाही तिनं मटण रात्रभर दह्यात मुरवलं होतं, शिरखुर्म्याचं पातेलं भरलं होतं. सुभेदारांनी ताटाकडं बघितलं, आवंढा गिळला आणि तोच पारावरचा चेहरा केला.

"भाभी, माझा आता नियम हाय. शिजिवलेलं चालत न्हाई. काकडी-गाजर असंल तर कच्चंच द्या."

बशीरचा चेहरा उतरला. रहिमतबीनं अख्खी काकडी, अख्खं गाजर आणि सुरी ताटलीत घालून पुढं सरकवली. चिरायला हातसुद्धा लावला नाही. "वा! पायजे तसंच!" म्हणत सुभेदारांनी कराकरा सगळं फस्त केलं आणि खुशीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी बशीरचा थोरला मोहसीन मोटारसायकलवरून आला. नवं सूप शालूबाईंच्या हातात दिलं, "अब्बानी दिलंय" म्हणाला आणि चहालाही थांबला नाही. सुपात तांदूळ, तूरडाळ, कणीक, गूळ, मीठ आणि वर दोन गाजरं.

"बघ, किती काळजी गड्याला!" सुभेदार म्हणाले.

शालूबाईंनी कपाळावर हात मारला. "आवं, ह्यो शिधा हाय, शिधा! आपल्या हातचं ज्याला चालत न्हाई त्याला असा देत्यात. काय बोलून आलाय तुमी तिथं?"

तेव्हा सुभेदारांना बशीरचा कालचा चेहरा आठवला, आणि ती न चिरलेली काकडी. बावन्न वर्षांची दोस्ती आपण एका फुकटच्या ऐटीपायी घालवली, हे त्यांना कळलं. चपला अडकवून त्यांनी थेट उंब्रज गाठलं.

"या सुभेदारसाहेब, बसा. काय देऊ आपल्याला?" गिऱ्हाइकाला विचारावं तसं बशीरनं विचारलं.

लढाईत बंदुकीची गोळी खाल्लेला माणूस, पण हे 'आपल्याला' त्यांना जास्त लागलं. त्यांनी गांधी, वांगं, डॉक्टरीणबाई, औषधाची गोळी, सगळं भडाभडा सांगितलं.

"गाजर खाऊन रोग जातूय व्हय? दावा की मग गांधी." बशीरचा आवाज चढला. "तुझ्या आजीनं माझ्यासाठी येगळा कप ठिवला हुता. सात वर्षाचा हुतास, त्यो तू आपटून फोडलास, आन् मार खाल्लास. आता साठीला आल्यावर त्योच कप माझ्या म्होरं ठिवलास!"

दाखवायला अंगावर एक पुळीही नव्हती. औषध लागू पडल्याचा इतका राग सुभेदारांना कधी आला नव्हता. ते तडक मागच्या घरात शिरले.

"भाभी, कालचं काय उरलंय?"

रहिमतबीनं मान वळवून फडताळाकडं बोट केलं. सुभेदारांनी हातानं वाढून घेतलं, कालचं मटण, वर दोन चमचे वांग्याचं लोणचं. चार घास खाल्ले आणि भिंतीला टेकून वाट बघत बसले. बशीर दारात हाताची घडी घालून उभा. पाच मिनिटं झाली. दहा झाली. काहीच होईना. फौजेत कधी देवाला हाक न मारलेला माणूस मनातल्या मनात म्हणाला, देवा, खाज येऊ दे.

कान गरम झाला. मग मान. मग पाठ.

"आलं! आलं बग, बशीर!" सुभेदारांनी सदरा वर केला आणि पदक दाखवावं तशी पाठ दाखवली. पाठीवर ताटल्या उठल्या होत्या, लालभडक.

"या अल्ला!" बशीरची घडी सुटली. "गोळी कुठं हाय? गोळी आणलीस का न्हाई, मुडद्या?" त्यानं स्वतःच मित्राचे खिसे उलटेपालटे केले, गोळी सापडली, पाणी पाजलं. रहिमतबी आमसुलाचं पाणी घेऊन पाठीवर थापायला लागली आणि थापता थापता बोलायलाही लागली.

"रोग हाय म्हनून सांगायला काय धाड भरली हुती भाऊजी? रातभर रडले मी. माझ्या हाताला काय झालं म्हनून."

"लाज वाटली, भाभी. चुकलं माझं," सुभेदार म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते काही खाजेनं नव्हे.

तासाभरानं गांधी बसल्या. रहिमतबीनं मग काकडी चोचली, गाजर किसलं, कोबी बारीक चिरला, ओलं खोबरं आणि कोथिंबीर घातली. दही नाही, लिंबू नाही, दाण्याचं कूट नाही. मीठ टाकून पाची बोटांनी कालवलं आणि पहिला घास स्वतःच त्यांच्या तोंडात कोंबला. "हे कच्चं हाय, पर माझ्या हातचं हाय. आता म्हना न्हाई!"

बशीरनं त्याच ताटात हात घातला, एक मूठ तोंडात टाकली आणि चावता चावता तोंड वाकडं केलं.

"तीन महिनं हे खातूयास?" तो म्हणाला. "सरक तिकडं, लाल्या. एकट्यानं कसं संपवशील?"