मुक्या बसचं दुखणं

आपिया शहरातल्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात लागीने बसच्या ॲम्प्लिफायरच्या लाल तारेत गाडीच्या हेडलाइटचा दिवा जोडला आणि बॅटरी लावली. दिवा भक्कन पेटला. म्हणजे आत शॉर्ट. तारा उलट्या लागल्या की आधी जळावा म्हणून तारेच्या तोंडाशीच बसवलेला डायोड तिने तपासला. मेलेला! दोन महिन्यांत तिसऱ्यांदा तोच.

"खरं सांग ओफिसा, तारा उलट्या लावतोस ना? लालच्या जागी काळी?"

"मी हातसुद्धा लावत नाही!" बसवाला ओफिसा उखडला. "आणि जरा लवकर बघ. गाणी नसतील तर आपियात बसमध्ये कुत्रंही चढत नाही. परत बिघडलं तर बसच विकून टाकतो."

"मग तारा लावतं कोण?"

"आई. मागे एका रविवारी, ऐन प्रार्थनेच्या दिवशी, पोरांनी गाणी लावली, तर गावच्या पंचांनी दंड म्हणून अख्खं डुक्कर नेलं. तेव्हापासून ती शनिवारी संध्याकाळी तारा काढते, सोमवारी पहाटे लावते. मी झोपलेला असतो."

डायोड आणि जळलेले दोन ट्रान्झिस्टर बदलले. या वेळी दिवा क्षणभर उजळून विझला. काम झालं होतं, पण लागीला चैन पडेना. लाल आणि काळी, दोनच तर तारा. त्यात तीनतीनदा चुकायचं काय? ॲम्प्लिफायरचा डबा बसमध्ये बसवायला ती स्वतःच निघाली.

लाकडी बसमध्ये ओफिसाची आई, फेतू, वाटच बघत बसली होती. लागीने डबा सीटखाली सरकवला, तशी म्हातारी पुढे झाली.

"थांब गं, तारा मी लावणार. ते माझं काम."

तिची बोटं तारांवरून चाचपडत फिरली आणि काळी तार थेट लालच्या स्क्रूकडे गेली. लागीने झटकन तिचा हात धरला. म्हातारीच्या डोळ्यांवर पांढरट पडदा आला होता.

"मावशी, तुम्हाला दिसत नाही?"

"हळू बोल, बाई!" फेतूने दाराकडे तोंड वळवलं. "ऑकलंडच्या लेकीला कळलं तर उद्याच विमानात कोंबेल मला. तिथे जाऊन काय करू? दिवसभर खिडकीत बसू? इथे निदान बस बोलती करते मी." मग तिचा आवाज खाली आला. "माझ्यामुळेच बिघडतं का गं?"

लागीने पिशवीतली सुतळी काढून लाल तारेला गुंडाळली, गाठ मारली आणि म्हातारीचा अंगठा तिच्यावर टेकवला.

"ही डाव्या स्क्रूला."

फेतूने तारा लावल्या. किल्ली फिरवताच गाण्याने बसच्या फळ्या थरथरल्या. म्हातारी लहान पोरीसारखी टाळ्या पिटू लागली.

ओफिसा खाली चाकाला टेकून उभा होता.

"सापडलं दुखणं?"

"तारांची टोकं सैल होती," लागी त्याच्याकडे न बघता म्हणाली.

त्याने मान डोलावली. ती चार पावलं गेली असेल नसेल, तो मागोमाग आला.

"गाठ घट्ट मारलीस ना?"

लागी गर्रकन वळली.

"अरे, तुला ठाऊक होतं? मग तूच का नाही मारलीस?"

"माझ्या हातची गाठ तिने लगेच ओळखली असती," ओफिसा म्हणाला. "आणि मला कळलंय हे समजलं असतं, तर माझ्यावर ओझं नको म्हणून ऑकलंडला जायची पिशवी तिने स्वतःच भरली असती."