निळी शाई लावलेला काठ

लॅबमधली सगळी मंडळी आबांना टरकून असत. गेली तीस वर्षं ते तपासणीला आलेले तुकडे गोठवून कापत होते आणि जोडीला नव्या डॉक्टरांची फिरकी घेत होते. सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या धाकट्या डॉक्टरबाईंनाही त्यांनी सोडलं नव्हतं.

त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमधून स्वरयंत्राचा मसुराएवढा तुकडा आला. सोबतच्या कागदावर होतं : वय एक्कावन्न, बाजारात लिलाव पुकारतो. कर्करोग डाव्या स्वरतंतूवर होता आणि सर्जननी तेवढाच भाग काढला होता. पण दोन्ही तंतू समोर जिथे जुळतात तिथून हा लबाड रोग नाजूक अस्तराखालून गुपचूप पलीकडे सरकतो, वरून काही म्हणता काही दिसत नाही. म्हणून तिथला काठ तपासायचा. तो स्वच्छ असला तर उरलेलं स्वरयंत्र वाचलं. नसला तर सगळंच काढायचं, आणि त्याबरोबर त्या माणसाचा आवाजही. तो बिचारा टेबलावर भुलीत होता.

आबांनी खऱ्या काठाला, म्हणजे घशात उरलेल्या भागाकडच्या बाजूला, निळी शाई लावली, तुकडा गोठवला, कापला, रंगवला आणि काच पुढे सरकवली. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. रोगाच्या पेशींची नुसती गर्दी होती. त्यांनी फोन उचलला.

"सर, काठावर रोग आहे."

"मग सगळंच काढावं लागेल," सर्जन जड आवाजात म्हणाले.

तेवढ्यात, पुढचे काप काढणारे आबा पात्याखालच्या तुकड्याकडे बघून पांढरेफटक पडले. वर हवी असलेली निळी शाई तळाला होती. दोन ढांगांत येऊन त्यांनी बाईंच्या हातातून फोन घेतला.

"सर, हात लावू नका! तुकडा मी उलटा बसवला. मॅडमनी पाहिला तो रोगाकडचा भाग. चूक माझी आहे. दहा मिनिटं द्या."

ज्याच्यापुढे सगळी लॅब चळचळा कापायची, त्या माणसाने सबब शोधायला एक श्वासही घेतला नव्हता. बाईंना त्यांचा अभिमान वाटला. बाईंनी फोन परत आपल्याकडे घेतला.

"सर, काचेवर शाई नव्हती, तेही मला दिसायला हवं होतं."

आबांनी तुकडा उलटून पुन्हा कापला. काप एकसारखे आले. बाईंनी निळ्या रेषेवरून तीनदा नजर फिरवली. रोग तिच्या अलीकडेच थांबला होता.

"काठ स्वच्छ आहे, सर."

दोन महिन्यांनी लॅबच्या खिडकीशी एक माणूस घोगऱ्या, फाटक्या आवाजात भांडत होता. "एका कागदासाठी किती ताटकळायचं माणसानं? झोपा काढता काय आत?"

बाईंनी रिपोर्टवरचं वय आणि व्यवसाय वाचला आणि कागद आबांच्या हातात दिला. खिडकीशी चढा आवाज आबांनी आजवर कुणाचा खपवून घेतला नव्हता. ते उठून खिडकीशी गेले, कागद हातातच धरून उभे राहिले आणि म्हणाले, "नीट ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा बोला की."