शेपटाचा बोल्ट

“काय रे गुणाजी, बोल्ट शोधतोयस की पाताळात उतरतोयस?”

चंद्रप्रकाशनं हे विचारलं तेव्हा गुणाजी घाडी चाळीच्या बोळात उपडा पडून गटाराच्या कडेनं टॉर्च फिरवत होता.

“एवढासा रे, हरभऱ्याएवढा. सकाळी होता. आता बघ, शेपूट लुळं पडलंय.”

“उद्याच नेमकं!” चंद्रप्रकाश म्हणाला. तो मंडळाचा सेक्रेटरी, भिंतीपलीकडचा शेजारी आणि गुणाजीच्या गप्पांचं पहिल्या रांगेतलं गिऱ्हाईक. “वाट लागली ना यार.”

सायकल साधीसुधी नव्हती. सांताक्रूझच्या एका विमानवाल्या साहेबाच्या बागेला गुणाजी रविवारी पाणी घालायचा. साहेब देश सोडून निघाला तेव्हा आपली विलायती गिअरची सायकल त्याला देऊन गेला. सगळ्या मरोळमध्ये तशी ती एकच. मागच्या चाकाला लोंबणारं, चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारं जे यंत्र, त्याला साहेब डिरेलर म्हणायचा. चाळ त्याला शेपूट म्हणायची. गिअरची तार त्या शेपटाला एका बोल्टनं आवळलेली. तो गेला की तार सैल, आणि चेन जाऊन बसते सगळ्यात लहान चक्रावर. मग सपाटीवर कसंही चालतं, पण चढाला पायडल हत्तीलाही दाबवत नाही.

या सायकलीवर गुणाजीनं काय काय केलं होतं! दहाव्या गिअरला एकदा तो असा सुटला, की गोरेगावला पोचल्यावर स्वतःच्या सावलीची वाट बघत थांबावं लागलं. आरेच्या जंगलात वाघ आडवा आला, पण गिअर पडल्याचा ‘खट्ट’ आवाज ऐकून वाघच बाजूला झाला, वर शेपूट हलवून गेला. चाळ पोट धरून हसायची आणि जेवणं उरकली की पुन्हा त्याच्याच दारात येऊन बसायची. आयुष्यभर गिरणीत मशीन पुसलं, गिरणी बसल्यावर कंपनीत साहेबलोकांना चहा नेला. पुढं असा गुणाजी कधी कुठंच नव्हता. गोष्टींत मात्र असायचा. आणि उद्या, महाराष्ट्र दिनाला, आरे कॉलनीत मंडळाची सायकल शर्यत होती. पहिला आला असता, तर ती त्याची पहिली खरी गोष्ट झाली असती.

“अवो, भाकरी निवता,” त्याची बायको सुगंधा दारातून म्हणाली. रस्त्यापलीकडच्या नळावरून हंडा आणून ती कंबर धरून उभी होती. “जावंदे तो बोल्ट. नसली शर्यत तर काय बिघडता?”

गुणाजीनं सायकल ढकलत रतनचं सायकलदुरुस्तीचं दुकान गाठलं. रतननं डबा उपडा केला, पण देशी सायकलीचा एकही बोल्ट त्या विलायती आट्यांना बसेना.

“पण जुना कुठं गेला?” रतन डोकं वर न काढता म्हणाला. “चंद्रप्रकाशनं काढलान तो सांभाळून नाय ठेवला?”

“चंद्रप्रकाशनं?”

“परवा विचारायला आला होता ना. कुठला बोल्ट काढला तर सायकल मोडत नाय, पण चढत नाय. मला वाटलं, चोरांच्या भीतीनं तूच पाठवलास.”

“एकटाच होता?”

“वहिनी होत्या की. त्यांचं आपलं एकच, सायकलीला इजा नको व्हायला.”

गुणाजीनं सायकल भिंतीला टेकवली. तेव्हा कुठं रतननं वर पाहिलं आणि त्याचा हात थांबला.

“नगरसेवकाचा भाचा पयला आला की तुमच्या चाळीला नळ, असं ठरलंय. सगळ्या मरोळला माहीत आहे, यार. तुला... नाय?”

“मला का नाय सांगितलं?”

“आता काय बोलू? चंद्रप्रकाश म्हणत होता, गुणाजीच्या तोंडात तीळ भिजत नाय.”

गुणाजी स्टुलावर बसला. नळ! अरे, नुसतं कानात सांगितलं असतं, तर तो हसत हरला असता. असा झोकात हरला असता, की हरण्याचीच मोठी गोष्ट झाली असती. दहा वर्षं पुरली असती चाळीला. आणि तेच तर नको होतं त्यांना.

“बसव काहीतरी,” तो म्हणाला.

रतननं एका भंगार स्कूटरच्या कार्ब्युरेटरमधून एक बोल्ट काढला, कानसून आखूड केला, खाली दोन वायसर घातले आणि तार आवळली. गिअर टाकला. खट्ट.

सकाळी गुणाजी शेपटाला फडकं गुंडाळून आला. फडक्याची गरज नव्हती. शेपटाकडे बघायचं सगळेच टाळत होते.

“बोल्टाशिवाय धावणार?” चंद्रप्रकाशनं विचारलं.

“नाव दिलंय ना.”

शिट्टी झाली. पहिला चढ लागला आणि गुणाजीनं गिअर टाकला. पुढचं सांगितलं तर थाप वाटेल, पण झाडं मागं पळाली, भाचा मागं पडला, त्याचे दोस्त मागं पडले, आणि चढाच्या माथ्यावर, तबेल्यापाशी, गुणाजी एकटा होता. सगळ्यांच्या पुढं. बघायला होत्या पाच-सहा म्हशी. त्यांनी रवंथ थांबवला नाही.

गुणाजी उतरला. खिशातून पाना काढला, बोल्ट सोडवला आणि गवतात भिरकावला. भाचा धापा टाकत पुढं निघून गेला, मग एकेक करून बाकीचे. पुढचा चढ गुणाजीनं सायकल हातात धरून चालत काढला.

बक्षीस घेताना भाचा राहून राहून सांगत होता, “पण तो पुढं होता हो! पहिल्या चढावर असा उडाला, दिसेनासाच झाला!”

चाळ खदखदून हसली. बोल्ट कुणाच्या घरात आहे हे ठाऊक असलेला प्रत्येक जण हसला. “ह्याला पण गुणाजीची लागण झाली!” चंद्रप्रकाश ओरडला आणि सगळे गुणाजीकडे वळले. आता हा काहीतरी जबर फेकणार, म्हणून तोंडं आधीच हसरी करून.

गुणाजी सायकलची सीट पुसत राहिला.

रात्री सुगंधा त्याच्या गुडघ्यांना खोबरेल चोळायला बसली. त्यानं विचारलं, “बोल्ट खंय पडलो आसात गो?”

तिचा हात क्षणभर थांबला. “पडलो आसात खंयतरी. वस्तूच ती.” मग ती पुन्हा चोळू लागली, जरा जास्तच जोरानं.

पाऊस लागायच्या आत नळ आला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, चंद्रप्रकाशचं भाषण झालं. पहिला तांब्या भरून सुगंधा कडेकडेनं घरी आली, एक हात कमरेवर न ठेवता. गुणाजीनं तांब्या घेतला, सगळा रिकामा केला.

“कसा आसा?” तिनं विचारलं आणि समोर बसली, पदर सावरून, गोष्ट ऐकायला बसतात तशी.

“पाणी आसा,” गुणाजी म्हणाला आणि तांब्या तिच्या हातात परत दिला.