ताकातलं टरफल

इंद्रभानला डबीतला कापूस रिकामा दिसला. त्याने डबी उपडी केली, अंथरूण झटकलं. टरफल कुठेच नव्हतं. बीबी गावच्या घरच्या शेतात विहीर खणताना निघालेल्या तीन तुकड्यांपैकी ते शेवटचं, नखाएवढं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता यावं म्हणून पहिले दोन त्याने काचेवर घासले होते, आणि घासता घासता त्यांचा भुगा झाला होता.

"वच्छला! डबीतलं टरफल कुठी ठेवलं?"

"देवासंगं टाकलं ना ताकात," चुलीपुढून बायको म्हणाली. "माती लागून राह्यली होती त्याले. देव उजळायचेच होते, म्हनलं तेबी उजळून निघन."

तो धावला. गाडग्यात हात घातला. टरफलावरचे बारीक बुडबुडे पाहूनच त्याला कळलं. कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं बाटल्या धुणाऱ्याला, चुन्याला आंबट खातं हे काय शिकवायचं? वरची चकाकी गेली होती, अंग खरबरीत झालं होतं.

"वाटोळं केलं वं बाई!"

"देवाले चालते, त्याले काऊन नाही चालत?"

 त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणंच टाकलं.

कॉलेजातल्या भगवंतराव सरांनी तर आधीच निकाल देऊन ठेवला होता. "अरे, हा चुनखडीचा पापुद्रा. डायनासोरचं अंडंबिंडं डोक्यातून काढ." आणि शेत सांभाळणारा थोरला भाऊ किसनराव म्हणत होता, "दिवाळीपर्यंत थांबतो. मंग विहिरीले दगडी बांधकाम लावतो. तुयी अंडी राह्यतीन दगडामागं."

पण इंद्रभान हट्टाला पेटला. खराब तर खराब, टरफल आहे तोवर आशा आहे. रजा टाकून, रात्रभर एसटीत डबी छातीशी धरून तो नागपूरला गेला. तिथल्या प्रयोगशाळेत नवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला होता. तिथल्या बाईंनी टरफल उलटंसुलटं करून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "ठेवून जा."

वीस दिवसांनी कॉलेजच्या पत्त्यावर जाड लिफाफा आला. सरांनीच तो फोडला. आत एक मोठा फोटो. कणसात दाणे दाटावेत तसे उभे खांब एकाला एक लागून, आणि मधून पिलाला हवा जावी म्हणून राखलेली बारीक भोकं. सर पत्र वाचू लागले.

"नमुना निःसंशय डायनासोरच्या अंड्याचा आहे. विहिरीतला तो थर झाकू नये. आम्लाने इतका बेताने खाल्लेला पृष्ठभाग आमच्याकडे क्वचित येतो, त्यामुळेच रचना स्पष्ट दिसली. आणखी तुकडे याच रीतीने तयार करून पाठवावेत. आम्ल कोणतं, किती वेळ ठेवलं, आणि तयारी कोणी केली, ते कळवावे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "इंद्रभान, माझं चुकलं बाबा. पण आम्ल कोणतं वापरलंस?"

"घरी विचारून सांगतो, सर."

वच्छलाबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. तो समोर बसला, एक शेंग उचलली, सोलली, दाणे तिच्या सुपात टाकले.

"ताक किती दिसाचं होतं वं?"

"आता फुटलं का तोंड?" तिने मान वर केली नाही. "तीन दिसाचं."

"अन् टरफल किती वेळ होतं त्याच्यात?"

"पाच भाकरी झाल्या तवरोक."

त्याने पोस्टकार्ड काढलं आणि मांडीवर पाटी घेऊन सावकाश लिहिलं. तीन दिवसांचं ताक. पाच भाकरी भाजून होईपर्यंत. खाली आणखी एक ओळ लिहिली.

"ते काय लिवलं?"

"तयारी कोनं केली, विचारलं त्याहीनं. तुयं नाव लिवलं."

 ती पदर खोचून उठली, चुलीवरचं दूध उतरवलं, बोटाने कोमट आहे का पाहिलं आणि त्यात विरजण घातलं.

"किसनभाऊजीले निरोप धाडा," ती म्हणाली. "विहीर उघडीच ठेवा म्हना. चार दिसानं ताक घेऊन मी येईन."