मागच्या सीटवरची शांतता

गाडी घेतली तेव्हा ती बाजारात सगळ्यांत स्वस्त होती, आणि ती स्वस्त का, ते ऐंशीच्या वर गेलं की कळायचं. गावात, सिग्नल ते सिग्नल, गाडी कशी गरीब गाय. पण हमरस्त्याला लागून जरा वेग घेतला की मागच्या चाकांकडून घरघर सुरू व्हायची, दारांच्या रबरातून वारा शीळ घालायचा, डिकीतला जॅक आपला वेगळाच ताल धरायचा, आणि सगळ्यांचा मिळून असा गदारोळ उठायचा की मागे बसलेल्या माणसाला स्वतःचं खोकणंही धड ऐकू येऊ नये.

मागे बसलेलं माणूस म्हणजे ती. पुढची सीट सासूबाईंची होती, गुडघ्यांच्या हक्काने. त्या गुडघ्यांना घरातला जिना चढता यायचा, बाजार पालथा घालता यायचा, फक्त गाडीत मागे बसायला जमायचं नाही. स्टिअरिंगवर नवरा. त्यामुळे वेग वाढला की पुढे मायलेकांच्या गप्पा आणि मागे ही एकटी, हे ठरूनच गेलेलं. पुढचे दोघे बोलायचे तेही गाडीच्या वर आवाज चढवून. मुक्कामाला उतरल्यावरसुद्धा सासूबाई थोडा वेळ त्याच पट्टीत बोलत राहायच्या आणि ज्यांच्याकडे गेलं ते बिचारे दचकायचे. मागून काही सांगायचं तर पुढच्याच्या खांद्यावर टिचकी मारायची, मग खुणा करायच्या. तिने याबद्दल कधी तोंड उघडलं नव्हतं. दिवसभर शिलाई मशीनला जुंपलेल्या बाईला तेवढीच डोळे मिटायची सोय.

नवऱ्याचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. सीट कव्हरं, पायाखालच्या चटया, दारांची अस्तरं. माप त्याचं, कात्री त्याची, मशीन तिचं. कामात त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. बाकीच्या बाबतीत होती, पण ती दिसायला वेळ लागायचा, कारण हा माणूस कोणालाही कधी नाही म्हणायचा नाही. गोड हसून हो म्हणायचा आणि घोंगडं भिजत ठेवायचा. गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे जायची. बायको जाणार कुठे?

तिचे वडील पलीकडच्या शहरात एकटे राहायचे. जन्म गिरणीच्या बॉयलरवर काढला आणि निवृत्त होताना कान तिथेच ठेवून आलो, असं ते स्वतःच हसत सांगायचे. आता कानात यंत्र घालायचे, तेही घरात एकटे असले की काढून ठेवायचे, उगाच कशाला झिजवायचं म्हणून. गेल्या थंडीत दूध शेगडीवर ठेवलं आणि विसरले. भांडं जळलं, खोलीभर धूर झाला, शेजारी दार बडवून बडवून थकले आणि हे आतल्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेले. शेवटी शेजाऱ्याने खिडकीची काच फोडून आत उडी मारली. तिला हे शेजाऱ्याकडूनच कळलं. त्याच संध्याकाळी तिने नवऱ्यापाशी विषय काढला. दुकानामागची फोम ठेवायची खोली रिकामी करू, खाट टाकू, बाबांना इथे आणू.

"हो, आणू की," तो म्हणाला.

मग फोमचे गुंडाळे हलवायला माणूस मिळेना. माणूस मिळाला तर भिंतीला ओल निघाली. ओल वाळली तेव्हा दुकानात कामाची झुंबड. प्रत्येक वेळी तो हो म्हणाला आणि प्रत्येक वेळी वेळ मारून नेली. शेवटी तिने जरा आवाज चढवला, तेव्हा तो विचारात पडल्यासारखं करून म्हणाला, "अगं, आणायचं तर आहेच. पण आपल्या या डब्यातून त्यांना आणायचं कसं? मागे डॉक्टरकडे नेलं तेव्हा आठवतंय ना? गाडीचा सगळा आवाज त्या यंत्रातून दुप्पट होऊन डोक्यात शिरत होता. माणूस कपाळ दाबून बसला होता. इथे आणलं की दवाखाना, तपासण्या, गाडीशिवाय भागणार आहे का? आधी मला गाडीचं बघू दे."

आणि त्याने गाडीचं खरंच बघितलं. ती तर बघतच राहिली. सुट्टीच्या दिवशी त्याने मागची सीट काढली, गालिचा उचलला, पत्रा घासून लख्ख केला. त्यावर आवाज शोषणारी काळी चिकट शीट अंथरून हातातल्या छोट्या रुळाने कोपरान् कोपरा दाबला. चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ, मागची दारं, सगळीकडे तेच. गुडघ्यावर बसून, डोकं आत खुपसून, जेवायची शुद्ध नाही. तिने जाड नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, तुकडे शिवून दिले, ते त्याने शीटवर बसवले. दारांना नवं रबर लावलं. जॅकसुद्धा फडक्यात गुंडाळला. पुढच्या भागापर्यंत पोचेस्तोवर शीट संपली. "पुढचं बघू नंतर," तो म्हणाला. "बाबा मागेच बसणार ना? मागचं झालं म्हणजे झालं."

ज्या माणसाने लग्न झाल्यापासून तिला हौसेने साधा रुमाल आणला नव्हता, तो तिच्या बापासाठी पत्रा घासत होता. तिचं मन भरून आलं. मनातल्या मनात तिने त्याला पुष्कळ काही माफ करून टाकलं, त्यात काही मोठ्या गोष्टीही होत्या. शेजारणीला म्हणाली, "बोलून दाखवत नाहीत, पण आहे हो माया." बाया अशा वेळी फसतात त्या काही अक्कल नसते म्हणून नाही. इतके दिवस वाट बघितल्यावर समोर आलेल्या पहिल्या पुराव्याला नको कसं म्हणायचं?

म्हणून जायचं ठरलं तेव्हा तिने वडिलांना कळवलं, बॅग भरून ठेवा. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "हो, जाऊ की." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि तेही तिने चांगलंच धरलं.

हमरस्त्याला लागले. साठ, सत्तर. ती सवयीने डोळे मिटून गदारोळाची वाट बघत बसली. काटा ऐंशीच्या पुढे गेला तरी तो आला नाही. खालून नुसती हलकी घरघर, कोणी शेजारच्या खोलीत पीठ दळावं तशी. पुढे मात्र अजून वारा घुसत होता, पुढच्या दारांना हात लागला नव्हता ना. तिला इतका आनंद झाला की पुढे वाकून त्याला शाबासकी द्यावी म्हणून तिने हात उचलला.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, गाडीतला नेहमीचा, चढवलेला.

"अरे, तिने बापाला बॅग भरून ठेवायला सांगितलंय म्हणे! आज खरंच येऊन बसला गाडीत, तर?"

"नाही बसणार," नवरा तितक्याच मोठ्याने म्हणाला. "तू काळजी करू नकोस."

तिचा हात हवेतच राहिला. दोघंही पुढे बघत बोलत होते. इतकी वर्षं या गाडीत ते असंच बोलत आले होते. मागे बसलेलं माणूस म्हणजे मागे ठेवलेलं सामान. कानाशी वारा घोंघावत होता, म्हणजे गाडी होती तशीच आहे असं त्यांनी सवयीने धरलं होतं. ज्याने स्वतःच्या हाताने मागची गाडी गप्प केली, त्याच्याही ते ध्यानात नव्हतं.

"मग तू तिला हो हो कशाला म्हणतोस?"

"नाही म्हटलं की रोजची कटकट. हो म्हटलं की मुकाट मशीनवर बसते. गाडीचं काम काढलं म्हणून एवढे दिवस तरी निघाले."

"पण आज काय करणार?"

"मी परवा त्या बाजूला माल द्यायला गेलो होतो, तेव्हा जाऊन आलोय म्हाताऱ्याकडे. त्याला सांगितलं, तुमच्या लेकीला आता झेपत नाही. दुकान, घर, आईचे गुडघे. त्यात तुमचं सगळं करायचं म्हटलं की रात्र रात्र झोप नसते तिला. पण तुम्हाला तोंडावर नको म्हणवत नाही. पोटची पोर आहे, कशी म्हणेल? तेव्हा तुम्हीच काहीतरी कारण सांगून नको म्हणा. आणि मी आलो होतो ते बोलू नका, तिला वाईट वाटेल."

"मग? काय म्हणाला?"

"डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, बरं झालं सांगितलंत. माझा हात धरून आभार मानले."

सासूबाईंनी समाधानाने मान हलवली. मग त्यांना मागचीची आठवण झाली. मागे वळून त्यांनी बिस्किटाचा पुडा पुढे केला, भुवया उंचावून, न बोलता, खाणार का म्हणून खुणेने विचारलं. तिने एक घेतलं. ते तिच्या हातातच राहिलं.

ती तिथेच का ओरडली नाही, असं कोणी विचारेल. विचारणाऱ्याने कधी केसाने गळा कापून घेतलेला नसतो. आधी कळतच नाही की कापला गेलाय तो आपला. तिला नवऱ्याचा राग नंतर आला. आधी डोळ्यांसमोर आला तो बाप, जावयाचा हात धरून आभार मानणारा. कोणाला ओझं होऊ नये म्हणून जन्मभर अंग चोरून जगलेला माणूस, आणि लेकीलाच जड झालो हे ऐकून परवापासून एकटा त्या खोलीत बसलेला. तिने ठरवलं, आता पुढच्यांशी एक शब्द नाही. आधी बापाला खरं सांगायचं. बॅग उचलायची, त्याला मागे आपल्या शेजारी बसवायचं, मग होऊ दे काय व्हायचं ते.

बाबा दारातच उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, कानात यंत्र. बॅग कुठेच नव्हती.

"या, या," ते म्हणाले, आणि कोणी बसायच्या आतच पाठ केल्यासारखं बोलून टाकलं, "हे बघ पोरी, मी विचार केला. मी काही येत नाही. इथे माझी माणसं आहेत, सकाळची चक्कर आहे. तिकडे मला करमायचं नाही."

ती त्यांच्या अगदी जवळ गेली. "बाबा, तुमचे जावई परवा इथे आले होते. त्यांनी तुम्हाला जे सांगितलं ते खोटं आहे. मी असं कधीच म्हणाले नाही. मला काही जड होत नाही. मला तुम्ही हवे आहात तिकडे."

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. सासूबाई खुर्चीत बसता बसता थांबल्या.

"तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला.

"तुम्हीच. गाडीत. आईंना सांगत होतात ना? शब्द न् शब्द ऐकला मी."

"मागे?" तो म्हणाला. "ऐंशीच्या वर असताना? मागे ऐकू येत होतं?"

आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, त्याचा चेहरा उजळला. चाकांच्या कमानींवर दाबलेला एकेक इंच त्याला आठवला असावा. काम फत्ते झालं होतं. दुसऱ्याच क्षणी तो भानावर आला, खाली बघायला लागला, "अगं, म्हणजे तसं नव्हे," असं काहीतरी पुटपुटला. पण तिने ते बघितलं होतं. थोबाडीत मारली असती तरी तिला तितकं लागलं नसतं.

ती बापाकडे वळली. त्याला तरी कळलं असेल. बाबा तिच्याकडे बघून हसत होते, आजारी पोराची समजूत घालावी तसे.

"अगं, तू असंच म्हणणार," ते म्हणाले. "जावई बोललेच होते. तोंडावर कधी कबूल करायची नाही म्हणून. लहानपणापासून मी ओळखतो तुला."

"बाबा, शप्पथ सांगते."

"पुरे, पुरे. मला बरं वाटावं म्हणून किती करशील? रात्रीची झोपत जा जरा. डोळे बघ कसे ओढलेत."

ती परत परत सांगत राहिली. जितकं तळमळून सांगावं तितके ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. रडली, तर म्हणाले, दमलीस गं तू. ओरडून सांगितलं, तर म्हणाले, शेजारी ऐकतील. नवरा बाजूला उभा होता. तोंड उघडून एक वाक्य बोलला असता, तर सगळं सुटलं असतं. तिने त्याच्याकडे बघितलं. "सांगा त्यांना."

"आता जाऊ दे ना," तो हळूच म्हणाला. "ते नको म्हणतायत तर कशाला?"

तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही दोघं निघा. मी येत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "आणि उद्या दुकानात मशीनवर कोण बसणार?" तिने दार उघडून धरलं. नवऱ्याने जरा विनवणी केली, जरा डोळे वटारले, मग किल्ली उचलली. गाडी वळून कोपऱ्याआड गेली. इथून हमरस्ता लांब होता, त्यामुळे गाडीचा आवाज असा काही आलाच नाही.

ती दार लावून आत आली. बाबा कॉटच्या कडेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. तिला वाटलं, आता तरी पटलं असेल. नवऱ्याला सोडून आले, याहून मोठी शपथ कोणती?

बाबांनी वर बघितलं. त्यांची मान हलत होती, आणि चेहरा असा झाला होता की तो तिला बघवेना.

"बघ," ते म्हणाले, "माझ्यापायी भांडण झालं ना तुमचं? जावई हेच सांगत होते."