आईच्या तसबिरी

भिंतीवर चित्रं लावताना माणसं दोनच गाढवपणा करतात. एक तर ती फार उंच लावतात, नाहीतर एकमेकांपासून इतकी लांब लावतात की भांडून वेगळी राहायला गेल्यासारखी दिसतात. हे मी वर्षानुवर्षं लोकांना ओरडून सांगत आले आहे, कारण तेच माझं पोटापाण्याचं काम आहे. बिल्डर लोकांचे सॅम्पल फ्लॅट मी सजवते. तिथे कोणी राहत नसतं. पण दारातून आत आलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की इथे एक सुखी कुटुंब राहतं आणि ते आत्ताच जरा बाहेर गेलंय. त्यात निम्मी करामत भिंतीची असते.

आणि माझ्याच घरात, आईच्या खोलीची भिंत कोरी करकरीत होती. आईच्या तसबिरी खोक्यात होत्या आणि खोकं पलंगाखाली. मी काढायला गेले की आई म्हणायची, "राहू दे गं. पाय बरा झाला की मला जायचंच आहे."

जुन्या घराच्या जिन्यावरून ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला थेट माझ्याकडे आणलं. ते घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता जिने विसरा. आईनेही ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी त्या कुलूपबंद घराची किल्ली रुमालात बांधून तिच्या उशीखाली असायची. घरमालक भला माणूस होता, पण त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला खोल्या हव्या होत्या. तो मला विचारायचा, मी आईला विचारायचे आणि आई म्हणायची, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. लहानपणी सायकल मागितली तेव्हाही 'बघू'च होतं.

मी स्वतः जाऊन घर रिकामं करून दिलं असतं तर आईने शब्दाने मला अडवलं नसतं. पण मला ते नको होतं. तिला सामानासारखं उचलून आणलं होतंच, आता तिने आपल्या तोंडाने 'मी इथे राहते' म्हणावं एवढीच माझी इच्छा होती. त्याशिवाय ती माझ्या घरात पाहुणीच राहणार होती. चहा दिला की "कशाला त्रास घेतलास" म्हणणारी पाहुणी! ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

शेवटी एका रविवारी मी कंबर कसली. खोकं ओढून बाहेर काढलं आणि जमिनीवर चादर अंथरून एकेक तसबीर मांडायला लागले. आई पलंगावरून बघत राहिली. नको म्हणाली नाही.

वर्तमानपत्रात गुंडाळलेली पहिलीच तसबीर उघडली आणि मला हसू फुटलं. बिस्किटाच्या डब्याचं झाकण! त्यावर तळं आणि दोन बदकं. बाबांनी त्याला चौकट करून घेतली होती.

बाबा बसचे ड्रायव्हर होते. हातभर बोळातून अख्खी बस अलगद काढायचे, पण भिंतीत खिळा एकदाच आणि सरळ जाईल तर शपथ. जुन्या घराचा गिलावा भुसभुशीत. खिळा ठोकला की रुपयाएवढा पोपडा निघायचा आणि खिळा हातात. मग बाबा वीतभर सरकून दुसरीकडे ठोकायचे. तसबीर एकदाची लागायची, पण शेजारी एक भगदाड उरायचं. ते झाकायला दुसरी तसबीर लागायची, ती लावताना आणखी एक भगदाड पडायचं. लोक चित्रासाठी खिळा मारतात. आमच्याकडे भोकासाठी चित्रं शोधली जायची. माझं शाळेतलं गाईचं चित्र, जी गाय कमी आणि टेबल जास्त दिसते, त्याला भिंतीवर जागा मिळाली ती काही माझ्या कलेमुळे नव्हे. आई मात्र पाहुण्यांना सांगायची, "ह्यांना फार हौस."

आणि उंची! बाबा चांगले ताडमाड. मी नि आई स्टुलांवर उभ्या राहून तसबीर धरायचो आणि बाबा दाराशी उभे राहून एक डोळा मिटून म्हणायचे, "वर. अजून जरा वर." हात भरून यायचे. आई चिडून म्हणायची, "आता छताला चिकटवू का?" मग तिघंही हसत सुटायचो आणि तसबीर वाकडी व्हायची. त्या रविवारांसारखे रविवार मला पुन्हा मिळाले नाहीत. आज माझ्याकडे ड्रिल आहे, लेव्हल बघायची पट्टी आहे, लेझरची लाल रेघ आहे. हसायला मात्र कोणी स्टुलावर नसतं.

तर, ते सगळे प्रमाद मी या वेळी सुधारायचे ठरवले. प्रत्येक तसबिरीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापला. हे कागद आधी टेपने भिंतीवर चिकटवायचे, लांबून बघायचं, सरकवायचे, पुन्हा बघायचं आणि मन भरलं की मगच भोक पाडायचं. मोठी तसबीर मधोमध नाही, किंचित बाजूला. दोन तसबिरींत तीन बोटांचं अंतर. आणि सगळ्या मांडणीचा मध्य उभ्या माणसाच्या नजरेसमोर. पलंगाच्या उशाची भिंत त्यासाठी अगदी नामी होती. दारातून आत आलं की पहिली नजर तिच्यावरच जाते.

"कारभारीणबाई, भिंत पाडायची आहे की सजवायची?" नवरा ड्रिल धरून म्हणाला. आईचा पलंग आम्ही तात्पुरता पुढे ओढला होता आणि तिला खुर्चीत बसवलं होतं.

"तुम्ही फक्त सरळ धरा."

"बघा आई, माझं या घरात हे असं आहे."

आई हसली. भोकं पडली, गिट्ट्या बसल्या, स्क्रू फिरले. बदकं, गाय, आईने भरलेला दोऱ्यांचा पोपट, माझ्या लग्नातला फोटो आणि त्यांच्यात बाबांचा फोटो, खाकी गणवेशात, बसच्या पायरीवर एक पाय ठेवून. पलंग जागेवर सरकवला, आईला पुन्हा वर बसवलं आणि मी दारात जाऊन उभी राहिले. सॅम्पल फ्लॅटमध्येही इतकी सुरेख भिंत मला कधी जमली नव्हती.

"कशी झाली?" मी विचारलं.

आईने मान वळवून वर बघितलं. "छान आहे हो."

त्या 'हो'तच सगळं आलं. शेजारणीने आणलेला पदार्थ चाखून म्हणतात तसं ते 'हो' होतं. तरी मी चहा होईपर्यंत कळ काढली आणि मग विचारलंच, "मग घरमालकांना काय सांगू?"

"बघू."

माझा पारा चढला. "बघू काय, आई? रविवार घातला मी यात! आणखी काय करू म्हणजे तुला हे घर आपलं वाटेल?"

नवरा कप उचलून हळूच सटकला. आईने मात्र आवाज चढवला नाही.

"तू छानच केलंस. पण तू दारात उभी राहून केलंस," ती म्हणाली. "मी दारात कुठे उभी असते? ये, इथे बस. माझ्या जागी."

ती धरून धरून खुर्चीवर सरकली आणि मी पलंगावर तिच्या जागी, तिच्या उशीला टेकून बसले. तसबिरी माझ्या पाठीमागे गेल्या. एकही दिसेना. समोर लोखंडी कपाटाचं करडं दार. त्याच्या बाजूला दुसरं काही नाही, नुसती रंगवलेली भिंत. खिडकी इतकी वर की तिच्यातून आभाळाची फक्त पट्टी. आणि उघड्या दारातून पॅसेजचा हातभर तुकडा.

"दिवसभर हेच?" मी विचारलं.

"काय झालं त्याला. पंखा आहे, उजेड आहे." आईने दाराकडे बोट केलं. "या दारातून तुम्ही जाता-येता ना, ते बघते मी. जावईबापू शीळ घालत जातात. तू जातेस ती अशी सुसाट. आत्ता दिसली म्हणेपर्यंत गेली. कधी नुसती पर्सच दिसते."

लोक आपल्या घरात शिरले की त्यांना कुठून काय दिसेल याचा इंच-इंच विचार करणारी मी, या पलंगावर आई आल्यापासून एकदाही बसले नव्हते. औषध द्यायला यायचे तीही उभ्या उभ्याच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि आईने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

"ड्रिल आणा!" मी बाहेर हाक मारली.

"आता काय, समोरची भिंत?" नवरा दारात येऊन म्हणाला आणि माझा चेहरा बघून ड्रिल आणायला वळला.

कपाट आम्ही दोघांनी रेटून खिडकीखाली नेलं. समोरची भिंत मोकळी झाली. या वेळी कागद नाहीत, लेझर नाही. आई पलंगावर बसून बोट दाखवत होती आणि मी तसबिरी धरत होते.

"बदकं इकडे, उजवीकडे. खाली घे. अजून खाली."

"आई, उभ्या माणसाच्या कमरेला येईल ते."

"उभ्या माणसाने बसावं की मग."

गाय लागली. पोपट लागला. लग्नातला फोटो तिने दोनदा हलवायला लावला, कारण त्यात तिची मावशी कोपऱ्यात जांभई देते आहे आणि ती तिला पलंगावरून दिसायला हवी होती. दारातून बघितलं तर ती भिंत म्हणजे माझ्या धंद्याची अब्रूच गेली. सगळं खाली घसरलेलं, गर्दी झालेलं. मी वाकून पलंगावरून बघितलं, तर सगळी मंडळी आईसमोर गप्पांना बसल्यासारखी दिसत होती.

बाबांचा फोटो तेवढा उरला. मी तो बरोब्बर आईच्या नजरेसमोर राखून ठेवलेल्या जागेवर धरला.

"इथे ना?"

"नाही. ह्यांना बाहेर लाव. पॅसेजमध्ये, दारासमोरच्या भिंतीवर."

"बाहेर? अगं, तिथून तुला नीट दिसणार तरी आहेत का बाबा? चष्मा लावूनही नाही दिसायचे."

"मला कशाला दिसायला हवेत? डोळे मिटले की दिसतात." आई चादरीची सुरकुती सारखी करत होती. "तू बाबांची लाडकी. त्यांच्या फोटोसमोरून तू अशी सुसाट नाही जाणार. थांबशील घटकाभर. थांबलीस की मला तू दिसशील."

पॅसेजमधला स्क्रू नवऱ्याने फिरवला. मी फोटो छातीशी धरून उभी होते. फोटो लागला आणि आईने उशीखालून रुमाल काढून गाठ सोडली.

"ही देऊन टाक त्यांना. पोराचं लग्न आहे म्हणतात, किती दिवस ताटकळत ठेवायचं माणसाला." किल्ली तिने माझ्या हातात ठेवली आणि कपाट खिडकीखाली गेल्यामुळे आता उजेड अडतो का, ते बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचीच पळापळ. एका बिल्डरचा माणूस फोनवर फोन करत होता. पर्स, चपला, मोबाइल करत मी पॅसेजमधून निघाले आणि बाबांसमोर थांबले. बसच्या पायरीवर पाय ठेवून ते माझ्याकडे बघत होते. आत पलंगावर आई होती. ती मला बघत होती, अगदी सावकाश, वरपासून खालपर्यंत, हे मला पाठीला कळत होतं.

"केस ओले आहेत तुझे," ती म्हणाली. "अशीच निघालीस? सर्दी होईल."

फोन पुन्हा वाजला. मी तो बंद केला, आत गेले आणि तिच्याकडे पाठ करून पलंगावर बसले. आईने टॉवेल घेतला आणि माझे केस पुसायला लागली.